ग्रामपंचायतीची निवडणूक सरळ मार्गाने लढवायची आहे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक लागली की मला दिवसाला आठ-दहा फोन येतात. बहुतेक पहिल्यांदाच फॉर्म भरणारी पोरं-पोरी, कधी एखाद्या उमेदवाराची आई, कधी पुण्यात नोकरी करणारा भाऊ. जानेवारी २०२१ ला मी स्वतः आमच्या वॉर्डातून सदस्यपदाला उभा होतो, एक रुपया वाटायचा नाही असं ठरवून, आणि १९ मतांनी पडलो. त्यानंतर तालुक्यातल्या बऱ्याच जणांना फॉर्म, हिशोब, तक्रारी यात मदत केली आणि प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून जे माहितीये ते एकदाच लिहून ठेवतोय.

सगळेच वाटतात. मी एकट्याने नाही वाटलं तर पडणारच ना?

पडू शकता. खोटं कशाला सांगू, मी पडलो. पण "वाटलं की निवडून येतो" हेही खरं नाही, दोन्हीकडून वाटणाऱ्यांपैकी निम्मे तरी दर वेळी पडतातच, फक्त त्यांचं कुणी मोजत नाही.

एक हिशोब मात्र घरी बसून कराच. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने सरपंचांचं मानधन दुप्पट केलं, तरी २००० पर्यंत लोकसंख्या असलेल्या गावात ते महिन्याला ६००० रुपये आहे, त्याच्या वर ८००० लोकसंख्येपर्यंत ८००० रुपये आणि त्याहून मोठ्या गावात १०,००० रुपये. म्हणजे छोट्या गावाच्या सरपंचाला पाच वर्षांत मिळणार ३ लाख ६० हजार. आता त्या पदासाठी जो माणूस १५-२० लाख खर्च करतोय तो उरलेले कुठून काढणार? वित्त आयोगाच्या निधीतून, गटाराच्या बिलातून, घरकुलाच्या यादीतून. दुसरी जागाच नाहीये. आणि बऱ्याचदा ते पैसे त्याचेही नसतात, ठेकेदाराने लावलेले असतात, म्हणजे रस्ता कोण करणार आणि कसा करणार हे मतदानाच्या आधीच ठरलेलं असतं. लोकांना हे कळत नाही असं नाही, पण समोर बसून कागदावर कुणी मांडून दाखवत नाही. मी घरोघरी असाच कागद, तेव्हाच्या मानधनाचा, घेऊन फिरलो होतो आणि माझी जेवढी मतं आली त्यातली निम्मी त्या कागदाची होती असं मला आजही वाटतं.

खर्चाची मर्यादा किती असते?

ती गावाच्या सदस्यसंख्येवर ठरते. राज्य निवडणूक आयोगाच्या २०१७ च्या आदेशात सदस्यपदासाठी ७ ते ९ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत २५ हजार, ११ ते १३ ला ३५ हजार, १५ ते १७ ला ५० हजार अशी होती आणि थेट सरपंचाला ५० हजार, १ लाख आणि पावणेदोन लाख. आयोग हे आकडे मधून मधून बदलतो, म्हणून फॉर्म भरायच्या दिवशीच तहसीलमधून ताज्या आदेशाची झेरॉक्स घ्या, कार्यकर्त्याच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका.

बँकेत वेगळं खातं काढा आणि सगळा खर्च त्यातूनच करा. रोजच्या रोज लिहा. बॅनर, स्पीकर, रिक्षा, चहा, हारसुद्धा. रात्री कितीही दमला असाल तरी झोपायच्या आधी वही पूर्ण करायची. चार दिवसांनी आठवून लिहिलेला हिशोब खोटाच असतो, तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी.

कार्यकर्त्यांना चहा-वडापाव द्यायचा नाही का? ती पण लाच?

जे दिवसभर तुमच्याबरोबर फिरतात त्यांच्या चहा-नाश्त्याला कुणी हरकत घेत नाही, तो खर्चात दाखवा म्हणजे झालं. प्रश्न येतो मतदारांना जेवण घालण्याचा. धाब्यावर टेबल लावणं, मळ्यात मटणाचा रस्सा, रात्री चपट्या, याला कायद्यात लाचेचाच एक प्रकार धरलंय. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० मध्ये लाच म्हणजे काय ते सांगितलंय आणि १७३ मध्ये शिक्षा, पैसे देण्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि नुसतं खाऊपिऊ घातलं तर फक्त दंड. फक्त दंड आहे म्हणून हलकं समजू नका. आमच्याकडे पैशापेक्षा दारूने जास्त घरं बसवलीत. १८-१९ वर्षांची पोरं, पहिल्यांदा मतदान करणारी, पंधरा दिवस रोज रात्री फुकट पितात आणि निवडणूक संपली तरी सवय संपत नाही. एका आईने मला विचारलं होतं की तुमचं इलेक्शन झालं पण माझ्या पोराचं काय. मी त्याला पाजली नव्हती तरी मला उत्तर देता आलं नाही.

विरोधी पार्टीने घरात पैसे देऊन बेल-भंडारा उचलायला लावला. आता मत दुसऱ्याला दिलं तर पाप लागेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बहुतेक बायका विचारतात, हळू आवाजात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कायद्याचं. पैसे देणारा जसा गुन्हेगार तसा घेणाराही, कलम १७० दोघांनाही धरतं. पण शपथ घालण्याचं वेगळं कलम आहे ते फार कुणाला माहिती नसतं. कलम १७१, गैरवाजवी दबाव. त्यात स्पष्ट लिहिलंय की मत दिलं नाही तर देवाचा कोप होईल असं मतदाराच्या किंवा उमेदवाराच्या मनात भरवणं हा सुद्धा दबावच आणि तो गुन्हा आहे. म्हणजे खंडोबाचा भंडारा, देवीचं कुंकू, शंकराचा बेल, लेकराच्या डोक्यावर हात, जे काही उचलायला लावलं असेल ते लावणाराच कायद्याने गुन्हेगार ठरतो. तुम्ही कोर्टात बांधील आहात असं काही नसतं.

पण बायकांचा प्रश्न कायद्याचा नसतोच, देवाचा असतो. मी पण जेजुरीला जाणाऱ्या घरातला माणूस आहे त्यामुळे त्याला उडवून लावणार नाही. आमच्या आळीत एक वयस्कर काकू आहेत, त्यांच्या मुलाने दोन हजार घेतले आणि चौघांच्या वतीने भंडारा उचलला, काकूंना विचारलंसुद्धा नाही. त्या मला म्हणाल्या, बाबा मी काय करू. मी म्हणलं काकू, देव्हाऱ्यापुढे बसा आणि स्वतःलाच विचारा की खंडोबा कुणाच्या बाजूचा, भंडारा विकणाऱ्याच्या की तुमच्या. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी पैसे पदरात बांधून त्या माणसाच्या ओट्यावर ठेवून आल्या. कुणाला मत दिलं ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. असंच असायला पाहिजे.

जमत असेल तर पैसे परत करा. परत करायला भीती वाटत असेल (आणि ती वाटते, गावात राहायचं असतं) तर निदान एवढं पक्कं समजा की मत गुप्त असतं, यंत्रात कुणी कुणाला दिलं हे कुणालाच दिसत नाही. "आम्हाला मशीनवर कळतं" हे सांगणारा थाप मारतोय. वॉर्डात एकूण किती पडली तेवढंच कळतं. आणि आतून फोटो काढून आण म्हणला तर सांगा, मतदान केंद्रात मोबाईल नेऊ देत नाहीत.

आणि उमेदवारांना सांगायचं ते हे, समोरच्याने भंडारा उचलायला लावला म्हणून तुम्ही त्याच्यावर दुसरा भंडारा उचलायला लावू नका. मी हे प्रत्यक्ष होताना पाहिलंय, एकाच घरात एका आठवड्यात दोन शपथा, त्या घरातली म्हातारी निकालापर्यंत जेवली नाही नीट.

आमच्याकडे गावाने मिटींग घेऊन बिनविरोध करायचं ठरवलंय. हे चांगलंच आहे ना?

कसं ठरलं त्यावर आहे.

हिवरे बाजारचं सगळ्यांना माहितीये. १९८९ ला पोपटराव पवार सरपंच झाले, त्यानंतर तीसएक वर्षं तिथे निवडणूकच लागली नाही, बिनविरोधच. पाण्याचं काम, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, हे सगळं गावाने एकत्र बसून केलेलं. मग जानेवारी २०२१ ला काही जणांनी फॉर्म भरले आणि तिथेही मतदान झालं, पवारांच्या पॅनलने सातच्या सात जागा घेतल्या. मला यातली दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते. कुणाला उभं राहायचं होतं, तो उभा राहिला, लोकांनी मत दिलं, विषय संपला. एवढं नावाजलेलं गाव पण मतदान झालं म्हणून काही बुडालं नाही.

त्याच निवडणुकीत दुसरीकडे काय झालं बघा. नाशिक जिल्ह्यात देवळा तालुक्यातलं उमराणे, कांद्याच्या मार्केटसाठी माहिती असलेलं मोठं गाव. तिथे सरपंचपदाची बोली लागली, मंदिरासाठी म्हणून, आणि ती २ कोटी ५ लाखांवर गेली. नंदुरबार तालुक्यातल्या खोंडामळीत अशीच बोली ४२ लाखांची, तीही मंदिराच्याच नावाने. व्हिडिओ बाहेर आले, चौकशी झाली आणि १३ जानेवारी २०२१ ला म्हणजे मतदानाला दोन दिवस राहिले असताना राज्य निवडणूक आयुक्त यू. पी. एस. मदान यांनी दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. त्या वेळी राज्यात १४,२३४ ग्रामपंचायतींचा कार्यक्रम लागलेला होता, आणि बोली काय फक्त दोनच गावांत लागली असेल असं तुम्हालाही वाटत नसेल.

लोक म्हणतात, पैसे देवळालाच गेले ना, कुणाच्या खिशात गेले का. अहो पण विकलं काय ते बघा ना. गावात ज्याच्याकडे दोन कोटी नाहीत त्याचा उभं राहायचा हक्क विकला. गावातल्या प्रत्येक मतदाराचं मत विकलं आणि त्याला विचारलंही नाही. कायदा यावर अगदी साफ आहे, न्याय संहितेच्या कलम १६९ मध्ये "निवडणूकविषयक हक्क" म्हणजे फक्त मत देणं नाही, उभं राहणं, उभं न राहणं आणि माघार घेणं हे सुद्धा त्यातच येतं. म्हणजे कुणाला माघारीसाठी पैसे दिले, मंदिराला देणगी दिली म्हणून बाकीच्यांना बसवलं, पुढच्या टर्मला तुला सोसायटीत घेतो म्हणून फॉर्म काढायला लावला, सगळी लाचच.

मग बिनविरोध चालतं कधी? माझी कसोटी साधी आहे. मिटींगला बायका होत्या का? मागासवर्गीय वस्तीतली माणसं होती का, आणि ती बोलली का? "मला उभं राहायचंय" असं एखाद्याने म्हणलं असतं तर त्याला त्या रात्री सुखाने झोप लागली असती का? यातल्या एकाचंही उत्तर नाही असेल तर ते बिनविरोध नाही, चार घरांनी आपसात वाटून घेतलंय. दर निवडणुकीला कुणी ना कुणी नेता बिनविरोध गावाला इतक्या लाखांचा निधी अशी घोषणा करतो, तिच्यापायी तर घाई करूच नका, निधी गावाच्या गरजेवर यायला पाहिजे, गाव गप्प बसलं म्हणून नाही.

रस्ता करतो, पाणी आणतो असं सांगणं म्हणजे पण आमिषच ना?

नाही. सार्वजनिक कामाचं आश्वासन लाचेत येत नाही, कायद्यातच तसा खुलासा आहे. "वाडीला पाण्याची लाईन आणतो" हे चालतं, "तुझ्या घरापुरतं कनेक्शन फुकट देतो, मत दे" हे चालत नाही.

पण कायद्यात बसतं म्हणून खरं असतं असं नाही ना. सरपंच एमआयडीसी आणू शकत नाही, सातबारा दुरुस्त करू शकत नाही, कर्ज माफ करू शकत नाही. तुम्हाला ते माहिती असतं आणि तरी भाषणात येतं कारण टाळ्या पडतात. त्यापेक्षा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर जा, तुमच्या ग्रामपंचायतीचा आराखडा आणि झालेला खर्च तिथे दिसतो, तो काढा, प्रिंट मारा आणि लोकांना वाचून दाखवा. गेल्या पाच वर्षांत किती आले, कशावर गेले, किती पडून राहिले. मग म्हणा की येवढ्या पैशात मी ही तीन कामं करीन आणि ही दोन मला जमणार नाहीत. जमणार नाहीत ते सांगितलेला उमेदवार लोकांच्या लक्षात राहतो, हा माझा अनुभव आहे, पारावर आठवडाभर त्याच्यावरच चर्चा चालली होती.

फॉर्मबरोबरच्या प्रतिज्ञापत्रात एक जुनी केस लिहायची राहिली तर काय होतं? कोण बघतंय?

"राहिली" की "ठेवली" हे आधी स्वतःशी ठरवा.

तमिळनाडूत कोइमतूर जिल्ह्यातल्या तेक्कमपट्टी नावाच्या पंचायतीचा अध्यक्ष २००६ ला निवडून आला, त्याने आपल्यावरची गुन्ह्याची प्रकरणं पूर्ण सांगितली नव्हती. केस वर वर जात सर्वोच्च न्यायालयात गेली आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये निकाल आला की अशी माहिती लपवणं म्हणजे मतदाराच्या निवडीवरच गैरवाजवी दबाव आहे आणि एवढ्यावर निवडणूक रद्द होऊ शकते. एका खेड्याच्या पंचायतीची केस आहे ही, आमदार-खासदाराची नाही. तेव्हा कोण बघतंय असं म्हणू नका, पडलेला उमेदवार बघतो आणि तो पाच वर्षं बघत राहतो.

लपवालपवीच्या नेहमीच्या जागा सांगतो. १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेलं तिसरं अपत्य, जे चुलत्याच्या नावावर दाखवलेलं असतं. हे फार वाईट आहे, मोठं झाल्यावर त्या लेकराला कागदावर आपला बाप कोण हे शोधावं लागतं. दुसरं, सरकारी किंवा गायरान जागेवरचं अतिक्रमण. "ते वडिलांनी केलंय, माझ्या नावावर नाही" हे चालत नाही, घरच्यांनी केलेलं अतिक्रमण तुम्ही वापरत असाल तरी अपात्र ठरता असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्याच केसमध्ये सांगितलंय. तिसरं, राखीव जागेवर जातीच्या दाखल्याचा घोळ. वैधता प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही तर निवडून येऊनही पद जातं, आणि दाखला खोटा असेल तर तुम्ही एका खऱ्या माणसाची जागा खाल्ली.

उमेदवाराबद्दल व्हॉट्सॲपवर काहीही फिरतंय. आम्हीही त्यांचं काढायचं का?

खरं असेल आणि कारभाराशी संबंध असेल तर काढा, नाव लावून काढा. ग्रामपंचायतीचं बिल, ठराव, कोर्टाचा निकाल असं काही हातात असेल तर छापा आणि खाली स्वतःची सही करा. निनावी पत्रक, रात्री दाराखाली सरकवलेलं, ते कधीच नाही. एखाद्याच्या चारित्र्याबद्दल खोटं आहे हे माहिती असून निवडणुकीसाठी पसरवणं हा न्याय संहितेच्या कलम १७५ खाली गुन्हा आहे, दंड होतो.

यात बायकांना सगळ्यात जास्त भोगावं लागतं. पुरुष उमेदवाराबद्दल "पैसे खाल्ले" फिरतं, बाईबद्दल काय फिरतं ते मला इथे लिहायचं नाही. आमच्या शेजारच्या गावात एका ताईचा फोन कॉल मधूनच तोडून जोडून ग्रुपवर टाकला होता, त्या नंतर सहा महिने बाजाराला आल्या नाहीत. तुमच्या पॅनलच्या ग्रुपवर असलं काही आलं, मग ते विरोधकाबद्दल असलं तरी, ॲडमिनने ते डिलीट करून टाकणाऱ्याला तिथल्या तिथे सांगायचं. गप्प बसलात तर तुमचाही त्यात हात आहे.

गावातले निम्मे मतदार मुंबई-पुण्याला आहेत. गाड्या लावल्या तर काय बिघडलं, मतदान वाढतंच ना?

मतदान वाढावं म्हणून कुणी ट्रॅव्हल्स करत नाही हो. गाडी, वाटेत जेवण, हातात पाकीट आणि रात्री परत, असं ते पॅकेज असतं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ मध्ये मतदारांची फुकट ने-आण करायला गाड्या लावणं हे भ्रष्ट आचरण म्हणून दिलंय, तो कायदा आमदारकी-खासदारकीचा आहे, पण तत्त्व गावालाही तेच. शिवाय त्या गाड्यांचा खर्च धरला तर एका ट्रिपमध्येच तुमची मर्यादा संपते, म्हणून तो कुणीच हिशोबात दाखवत नाही, म्हणजे लाचेबरोबर खोटा हिशोब पण आला.

आणि शहरातल्या भावा-बहिणींनो, तुमचं नाव दोन्हीकडे असेल तर एकीकडचं काढा. दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही, खोटी माहिती देऊन नाव लावलं तर एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. ज्याची नाळ खरंच गावाशी आहे तो स्वतःच्या पैशाने एसटीने येतो, मी असे कितीतरी बघितलेत, रात्रभर उभं राहून आलेले.

आमच्याकडे सरपंचपद महिलेला राखीव आहे. वहिनी उभ्या आहेत पण बॅनरवर दादांचाच फोटो मोठा आहे. चालतं का?

छापायला कुणी अडवत नाही. पण मतदाराला तुम्ही काय सांगताय? की नाव हिचं आणि कारभार याचा. पन्नास टक्के जागा बायकांना आहेत, पंधरा वर्षांच्या आसपास झाली, तरी ग्रामसभेत खुर्चीवर नवरा बसलेला दिसतो. वहिनींना प्रचारात बोलू द्या. पहिल्या सभेत अडखळतील, पाचव्या सभेत नाही अडखळणार. आणि वहिनींना स्वतःलाच उभं राहायचं नसेल, कुणी तरी फॉर्मवर सही घेतली असेल, तर तो फॉर्म माघारीच्या मुदतीत काढा आणि जिला इच्छा आहे तिला पुढे करा. असते कुणीतरी, बचत गटात जाऊन विचारा.

समोरच्या उमेदवाराच्या नावासारख्याच नावाचा डमी उभा करायचा म्हणतायत पॅनलवाले.

नको. फॉर्म कायदेशीर असेल पण हेतू म्हाताऱ्या माणसांना फसवायचा आहे. तुमच्याच आजीने चुकीचं बटण दाबलं तर कसं वाटेल.

"मत दिलं नाही तर पाण्याची लाईन तोडू, रानात जायची वाट बंद करू" अशी धमकी आली तर?

ही धमकी न्याय संहितेच्या कलम १७१ मध्येच येते. भावकीने किंवा जातपंचायतीने वाळीत टाकायची भाषा केली तर २०१६ चा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा आहे, महाराष्ट्राचाच, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. एकट्याने जाऊ नका, चार-पाच जणांनी मिळून लेखी द्या. शब्द जसेच्या तसे लिहा, कोण बोललं, कुठे, किती वाजता, कोण हजर होतं.

तक्रार कुठे करायची? पोलीस तर एनसी (नुसती अदखलपात्र नोंद) घेऊन पाठवतात.

पोलीस एनसी घेतात कारण निवडणुकीतली लाच हा अदखलपात्र गुन्हा आहे, त्यात दरवेळी त्यांचा आळसच असतो असं नाही. म्हणून फक्त पोलिसांवर थांबू नका. या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, विधानसभा-लोकसभावाला भारत निवडणूक आयोग वेगळा, तिकडे तक्रार टाकून वाट बघण्यात वेळ जातो. तुमचा माणूस म्हणजे निवडणूक निर्णय अधिकारी, तो तहसीलमध्ये सापडेल, आणि त्याच्यावर तहसीलदार, जिल्हाधिकारी. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्या. पोच नसेल तर तक्रार झालीच नाही असं समजा. मी पहिल्या वेळी तोंडी सांगून आलो होतो, साहेबांनी ऐकून घेतलं, पाणी पाजलं, आणि कुठेही काही नोंद नव्हती.

निकालानंतर निवडणूक रद्द करायला ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १५ खाली दिवाणी न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि मुदत निकालापासून फक्त १५ दिवस. या १५ दिवसांतले पहिले आठ रडण्यात जातात, म्हणून पुरावे प्रचार चालू असतानाच फाईलला लावत चला.

पुरावा गोळा करताना पण सरळ राहा. खोटा साक्षीदार नाही, एडिट केलेला व्हिडिओ नाही, आणि आपणच नोटा ठेवून आपणच पकडून देणं तर अजिबात नाही.

मी नाही वाटत, पण माझ्या पॅनलमधले बाकीचे वाटतायत. मला नकोय पण बोललो तर पॅनल फुटेल.

मला यात सगळ्यात जास्त वाईट वाटतं कारण मी पण इथेच चुकलो. आमच्या पॅनलमधल्या दुसऱ्या एका उमेदवाराने शेवटच्या दोन रात्री पाकिटं फिरवली, मला कळलं होतं, मी म्हणलं माझ्या वॉर्डात नको, बाकी तुमचं तुम्ही बघा. आणि स्वतःला स्वच्छ समजत राहिलो. पण पत्रक एकच होतं, त्यावर माझा फोटो होता, माझ्या नावाने मागितलेली मतं त्यालाही पडत होती. कार्यकर्त्याने उमेदवाराच्या संमतीने वाटले तरी ते उमेदवाराच्या अंगावर येतात, मग सोबतच्या उमेदवाराने मला माहिती असताना वाटले तर मी वेगळा कसा.

म्हणून आता पोरांना सांगतो, पॅनल बांधायच्या पहिल्या बैठकीतच हा विषय काढा, चिन्हवाटपानंतर नाही. वाटायचं नाही, जेवणं नाहीत, शपथा नाहीत, खर्चाची वही सगळ्यांना उघडी, असं लिहून सगळ्यांनी सह्या करायच्या आणि तो कागद गावात लावायचा. ज्याला सही करायची नाही तो तेव्हाच कळतो. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतंच, त्यामुळे पॅनलमध्ये कुणी असावं हे वरून कुणी ठरवत नाही, तुम्हीच ठरवता. जागा कमी भरल्या तरी चालतील. सात जागांना चारच उमेदवार दिलेलं पॅनल मी पाहिलंय, त्यातले दोन निवडून आले.

हरलो. आता हिशोब द्यायची काय गरज?

आहे. हरलेल्याला, जिंकलेल्याला आणि बिनविरोध आलेल्याला, तिघांनाही निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशोब द्यावाच लागतो. नाही दिला तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ ब खाली पाच वर्षांपर्यंत अपात्र होता, म्हणजे पुढची निवडणूक गेली. दर वेळी शेकड्याने पोरं यात अडकतात, एक पैसा न वाटलेली, नुसत्या कंटाळ्याने. पावत्या लावा, पोच घ्या, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा.

आणि ग्रामसभेला जा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला मी गेलो तेव्हा निकाल लागून आठवडाच झाला होता, लोक माझ्याकडे बघत होते, बसायला जागा मागेच मिळाली. शाळेच्या मागच्या गटाराच्या बिलाची प्रत मागितली, ग्रामसेवकांना सांगितलं की माझी मागणी इतिवृत्तात लिहा, आणि लिहून होईपर्यंत उभा राहिलो.